विद्यापीठाची पुस्तके झाडीपट्टीत केव्हा उतरणार?

नागपूरचे विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले, त्यास शंभर वर्षे होऊन गेली. २००५ साली त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या पुरुषाने ग्रामगीता लिहिली आणि खंजिरी हाती घेऊन जो खेडोपाडी फिरला, त्याचे नाव विद्यापीठाच्या दारावर लागले हे पाहून आम्हा खेडवळ माणसांस बरे वाटले. परंतु महाराज गावोगाव फिरले आणि त्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पुस्तके मात्र नागपुरातच ठाण मांडून बसली आहेत. आज आम्हास बोलावयाचे आहे ते या पुस्तकांविषयी.

वाचक म्हणतील, "मास्तर, धानाचे चुकारे थकतात, रोवण्याला माणूस मिळत नाही, आणि तुम्ही हे पुस्तकांचे काय काढले?" त्यांस आमचे सांगणे असे की, ही गोष्ट शिकल्यासवरल्यांच्या करमणुकीची नव्हे. ती तुमच्या बांधीची आहे, तलावाच्या पाण्याची आहे, तेंदूपत्त्याच्या जंगलाची आहे. कशी, ते पुढे सांगतो. थोडा धीर धरून ऐकावे.

आधी हे ग्रंथभांडार आहे तरी काय ते पाहू. विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय नागपुरात रामदासपेठेत आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयास 'ज्ञानस्रोत केंद्र' असे भारदस्त नाव दिले. आम्ही आपले ग्रंथालयच म्हणू. त्याखेरीज निरनिराळ्या विभागांची आपापली ग्रंथालये आहेत, कायद्याच्या महाविद्यालयाचे निराळे आहे. झाड मोठे, फांद्या पुष्कळ, पण साऱ्या फांद्यांची सावली एकाच शहराच्या अंगणात पडते. जुने छापील ग्रंथ, सरकारी अहवाल, हजारो हस्तलिखिते आणि पीएच.डी.साठी लिहिलेले प्रबंध असा हा शंभर वर्षांचा ठेवा आहे.

एके काळी या विद्यापीठाची हद्द सबंध मध्यप्रांतभर होती. १९४६ साली सागरचे विद्यापीठ निघाले, १९८३ साली अमरावतीचे निघाले, आणि २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ होऊन चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तिकडे गेले. आता नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार भाऊ उरले. त्यांत आम्ही सर्वांत धाकटे. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. थोरल्याच्या घरी कपाटे भरलेली असावीत आणि धाकट्याने पाहुण्यासारखे दारात उभे राहून आत येऊ का म्हणून विचारावे, ही वाटणी कोणत्या पंचांनी केली?

बरे, या कपाटांत पैसा कोणाचा आहे? कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे खाणींचे मालक होते. त्यांनी आपली लाखो रुपयांची मिळकत मृत्युपत्राने या विद्यापीठास दिली आणि तीतून १९४२ साली त्यांच्या नावाची तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. ती २०२३ साली स्वतंत्र विद्यापीठच झाली. दात्याचे नाव आम्ही आदराने घेतो. परंतु खाणीतला माल काही मालकाच्या हाताने वर येत नाही. तो ज्यांच्या डोक्यावरच्या टोपलीतून वर आला, त्यांच्या नातवंडांचाही त्या पुस्तकांवर थोडा हक्क पोहोचतो की नाही? आणि दात्यांचे पैसे बाजूला ठेवले तरी उरलेला पैसा सरकारचा, म्हणजे रयतेचा. आणि विद्यार्थ्यांच्या फीचा, म्हणजे पुन्हा रयतेचाच. अर्जुनी मोरगावचा शेतकरी धान विकून पोराची परीक्षा फी भरतो, त्यातला वाटा नागपूरच्या कपाटापर्यंत जातो, पण कपाटातले पुस्तक उलट वाटेने अर्जुनीला येत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी आपल्यात म्हण आहे. ग्रंथपालांस आम्ही कुत्र्याची उपमा देत नाही, त्यांनी राग मानू नये. पण दळणारा कोण हे विसरू नये.

हे आम्हीच प्रथम म्हणतो आहोत असे नव्हे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि तीतला शिक्षणाचा पैसा वरच्या थोड्या लोकांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. त्यानंतर शाळा गावोगाव निघाल्या, कॉलेजेही तालुक्यापर्यंत आली. मनोहरभाई पटेल यांच्यासारख्या बिडीच्या धंद्यातील माणसाने गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली, हे या जिल्ह्यावरचे मोठे ऋण आहे. शाळा आली, कॉलेज आले, परीक्षेचे केंद्र आले. मागे राहिले ते ग्रंथालय.

आता त्या कपाटांत आमच्या कामाचे काय आहे ते सांगतो.

१९०८ साली भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले. त्या वेळी आजचा गोंदिया जिल्हा त्याच भंडाऱ्यात होता. म्हणजे तुमच्या-आमच्या पणजोबांच्या काळची गावे, तलाव, पिके, जंगल, बाजार यांचे वर्णन त्यात आले आहे. १९१६ साली रसेल साहेब आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर चार मोठे खंड काढले. कोहळी, पोवार, ढिवर, कोष्टी, तेली, महार, गोंड असे आम्ही सारे त्यात आहोत. त्या साहेबाने सगळेच खरे लिहिले असे कोणी समजू नये. पुष्कळ ठिकाणी गावच्या वरच्या आळीतल्या माणसाने खालच्या आळीविषयी जे सांगितले तेच कागदावर उतरले आहे. पण आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे हे वाचल्याखेरीज ते खोडून तरी कसे काढणार? याशिवाय जमीन मोजणीचे व जमाबंदीचे अहवाल आहेत, जंगलखात्याचे जुने आराखडे आहेत, दर दहा वर्षांच्या जनगणनेची पुस्तके आहेत. असले ग्रंथ नागपूरच्या जुन्या ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत सापडतात. बहुतेक इंग्रजीत आहेत.

या जुन्या कागदांची किंमत २००६ च्या वनहक्क कायद्याने एकाएकी वाढविली. हा कायदा सांगतो की, आदिवासी बंधूंचा वनजमिनीवरील ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला पाहिजे. पण जो आदिवासी नाही, म्हणजे आमच्याकडचा ढिवर, कुणबी, कोहळी, तेली, गोवारी, महार, त्याने त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण त्या जागी राहत होतो आणि जंगलावर पोट भरत होतो हे दाखविले पाहिजे. हिशेब करा. ७५ वर्षे मागे गेले की १९३० साल येते. आमच्या किती घरांत १९३० सालचा कागद आहे? ज्यांचे छप्पर दर पावसाळ्यात गळते, त्यांच्या घरी कागद टिकत नाही. वाळवीने खाल्ला नाही तर पुराने नेला.

परंतु कायदा करणाऱ्यांनी येथे एक दार उघडे ठेवले आहे. २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. तिच्यात गॅझेटियर, जनगणना, मोजणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, जंगलाचे आराखडे, हक्कनोंदी हे सारे येते; नामांकित संस्थांनी चालीरीतींवर केलेले अभ्यासही येतात; आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही येतात. एकाहून अधिक पुरावे पाहावेत असेही तो नियम सांगतो. आता गॅझेटियरात कोणा रामा-गोविंदाचे नाव नसते हे खरे. पण अमुक भागातील लोक अमुक तलावात मासे धरीत, अमुक जंगलातून मोहफूल आणि डिंक गोळा करीत, असे १९०८ च्या पुस्तकात लिहिलेले असेल, आणि त्याला गावच्या म्हाताऱ्याच्या जबाबाची जोड मिळाली, तर दाव्याला बळ येते. म्हातारा गावात आहे. पुस्तक नागपुरात आहे. दोघांची भेट होत नाही, आणि दाव्यावर शेरा पडतो की पुरावा अपुरा. असे शेरे मारलेले कागद आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

देवरी, सालेकसा, सडक अर्जुनीकडील ग्रामसभांस विचारा. ज्यांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले, त्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचा सौदा स्वतः करू शकतात. पूर्वी ठेकेदाराच्या फळीवर पुडके मोजून जे मिळेल ते घेणारा माणूस आता भाव ठरविण्यास बसू शकतो. एका पुस्तकाच्या नकलेने एवढे होते असे आम्ही म्हणत नाही. माणसांनी वर्षानुवर्षे पायपीट केली तेव्हा ते झाले. पण त्या पायपिटीतला नागपूरचा हेलपाटा वाचला असता तर काही बिघडले असते काय?

तीच गोष्ट तलावांची. या मुलखात आपल्या पूर्वजांनी, विशेषतः कोहळी लोकांनी, हजारो तलाव बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोहळ्यांनीच बांधला. १९५०-५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. लोक त्यांस आजही मामा तलाव म्हणतात. 'माजी मालगुजारी' याची ती आद्याक्षरे, हे लहान पोरांस ठाऊक नसते. या तलावांच्या पाण्यावर गावाचे निस्तार हक्क होते, आणि ते निस्तारपत्रकात व वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात नोंदले जात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही या दोन्ही दप्तरांस जागा आहे. कोणत्या बांधीस आधी पाणी, गुरांचा घाट कोणता, तुडूम कोणी उघडावे, पाळ कोणी दुरुस्त करावी, मासे कोणी धरावेत, असल्या गोष्टींवरून आज गावात डोकी फुटतात आणि कोर्टकचेऱ्या होतात. त्यांपैकी पुष्कळांची उत्तरे जुन्या नोंदींत असतात. पण 'वाजिब-उल-अर्ज' हा शब्दच ज्याने ऐकला नाही, तो ते मागणार कसा?

आणखी एक गोष्ट आमच्या मनास फार लागते. दरवर्षी शहराकडून पोरे येतात, हाती कागद, खिशात मोबाईल. चावडीवर बसून म्हाताऱ्यांस विचारतात, माशांची नावे सांगा, धानाच्या जुन्या जाती सांगा, दंडारीतली गाणी सांगा, बिडीचे हजार पुरे करण्यास किती वेळ लागतो ते सांगा. आमची माणसे भोळी. चहा पाजतात आणि दिवस मोडून सांगत बसतात. त्यातून प्रबंध होतो, पोरांस डॉक्टर ही पदवी मिळते, आणि आम्हासही त्याचा आनंदच आहे, कारण त्यांत आमचीही पोरे असतात. पण तो प्रबंध मग गावात येत नाही. सांगणारा म्हातारा मरून जातो, त्याचे शब्द नागपूरच्या फळीवर राहतात, आणि त्याच्या नातवास कोणत्या माशास काय म्हणत हे ठाऊक नसते. चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट पुष्कळांस माहीत असेल. नांदेड गावचा हा अल्पशिक्षित दलित शेतकरी. त्याने आपल्या बांधीत निवड करून एचएमटी नावाचा बारीक धान काढला. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच नावाची जात प्रसृत केली आणि आपले श्रेय आपणास मिळाले नाही असे दादाजींचे शेवटपर्यंत म्हणणे होते. २०१८ साली ते वारले. ज्ञान गावातून विद्यापीठाकडे जाते तेव्हा रस्ता चांगला डांबरी असतो. परत येताना तोच रस्ता चिखलाचा होतो.

कोणी म्हणेल, तुम्हास अडविले कोणी? नागपुरास जा आणि वाचा. तर ऐका. केशोरीकडचा माणूस पहाटे निघाला की अर्जुनीपर्यंत एसटी, तेथून गाडीने गोंदिया, गोंदियाहून नागपूर आणखी सुमारे १३० किलोमीटर. देवरीला तर रेल्वेच नाही. ग्रंथालयाच्या दारात पोहोचेपर्यंत दुपार होते, परतीच्या गाडीची वेळ डोक्यावर बसते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. इतके करून आत गेला तर काय होते? आम्ही स्वतः एकदा मोठ्या शहरातील एका ग्रंथालयात गेलो होतो. कोणते ते सांगण्याचे कारण नाही, तेथली माणसे वाईट नव्हती. आम्हास विचारले, विद्यार्थी आहात काय? नाही. प्राध्यापक? नाही. कोणत्या संस्थेचे पत्र आणले आहे काय? आम्ही म्हटले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहोत. त्यावर समोरच्या गृहस्थांनी नम्रपणे सांगितले की, सभासदांखेरीज बाहेरच्यांस पुस्तके पाहता येत नाहीत. आम्हास इतका वेळ वाटत होते की आपण आतलेच आहोत. मास्तराची ही गत, तर धोतर नेसलेल्या वनहक्क समितीच्या अध्यक्षाची काय होईल याचा विचार वाचकांनीच करावा.

दुसरा आक्षेप मोबाईलवाल्यांचा. ते म्हणतात, मास्तर, जग बदलले, सारे पुस्तक आता फोनवर मिळते. यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. पुष्कळ जुनी गॅझेटियरे आज फोनवर उघडतात, आणि विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा' नावाच्या भांडारात ठेवले जातात. ज्यास इंग्रजी येते, ज्यास पुस्तकाचे नाव ठाऊक आहे आणि ज्याच्या गावात टॉवर आहे, त्यास गंगा घरबसल्या मिळाली. पण आमच्या गावातील ज्या बाईस जमिनीचा दावा करावयाचा आहे, तिच्याजवळ या तिन्हींपैकी एकही नाही. तिला हवा आहे माणूस, जो तिचे म्हणणे ऐकून घेईल, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर काय आहे ते दाखवील, मराठीत समजावून सांगेल आणि शिक्का मारलेली नक्कल हातात देईल. त्या माणसास ग्रंथपाल म्हणतात. तो फोनमध्ये मावत नाही.

पैसा नाही, ही सबब तर ऐकवतच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपत्रे, सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांस व अध्यापकांस मोफत. चांगली गोष्ट आहे. आमच्या गरीब पोरांपैकी जी शास्त्र शिकतात त्यांस ती उपयोगी पडेल. पण परदेशी प्रकाशकांस वर्गणी देण्यास इतके पैसे निघतात, तर एका जिल्ह्याच्या ठिकाणी चार खोल्या, दोन ग्रंथपाल आणि एक गाडी यांस निघणार नाहीत हे कोणास पटेल?

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आहे, आणि तो आमच्यातलेच शिकलेले लोक करतात. म्हणे खेड्यातले लोक वाचीत नाहीत. ज्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर शंकरपटाच्या रात्री माणसे बैलबंडीने आणि आता मोटारसायकलीने येऊन पहाटेपर्यंत नाटक पाहतात, तिकीट काढून पाहतात, त्या लोकांस शब्दांची आवड नाही असे म्हणणारा माणूस येथे कधी राहिलेला दिसत नाही. लोक वाचीत नाहीत, कारण त्यांच्या कामाचे आणि त्यांच्या बोलीचे पुस्तक त्यांच्या हाताच्या टप्प्यात नाही. झाडीबोलीत पुस्तके निघाली आहेत, पोवारीत निघत आहेत. गोंडी भाषेवर आणि कचारगडावर नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी आयुष्यभर लिहिले. दर माघ पौर्णिमेस सालेकसा तालुक्यात कचारगडास लांबलांबच्या राज्यांतून गोंड बांधव येतात. त्या वेळी तेथे विद्यापीठाचे एक कपाट उघडे ठेवून पाहा, मग वाचतात की नाही ते कळेल.

आणि हे सारे काही नवलाचे नाही. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शिकलेला पोर पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यांस पडला. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून आणला आणि मोठ्या मध्यवर्ती ग्रंथालयातून खेड्याखेड्यांत पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. वाहतुकीचा खर्च संस्थानचा. पेटीतील पुस्तके वाचून झाली की ती परत जाई आणि दुसरी येई. गावाने ग्रंथालयासाठी जेवढे पैसे जमवावेत तेवढेच सरकारने घालावेत आणि तेवढेच पंचायतीने, असा नियम होता. तिकडे तंजावर मुलखात मन्नारगुडी येथे १९३१ साली चक्क बैलगाडीत पुस्तके भरून फिरते ग्रंथालय निघाले. ग्रंथालयशास्त्राचे मोठे पंडित रंगनाथन यांनी ते सुरू करून दिले. बैलगाडी! आज आमच्याकडे डांबरी सडका आहेत, एसटी आहे, रोज सकाळी प्रत्येक गावात दुधाची गाडी येते. जे बैलांस जमले ते डिझेलच्या गाडीस जमू नये काय?

तेव्हा आमचे मागणे असे. विद्यापीठाने गोंदियास आपल्या ग्रंथालयाची खरी शाखा काढावी. मुंबई विद्यापीठाने रत्नागिरीस, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाने धाराशिवास उपपरिसर नेले आहेत, तेव्हा विद्यापीठाने मुख्य गावाबाहेर पाय ठेवणे कायद्यास धरून आहे. शाखा म्हणजे चार खुर्च्या, दोन वर्तमानपत्रे आणि उद्घाटनाची कोनशिला असे आम्ही समजत नाही. शाखेत या जिल्ह्याविषयीचा प्रत्येक ग्रंथ, प्रत्येक अहवाल आणि प्रत्येक प्रबंध, अस्सल नसेल तर नक्कल, असलाच पाहिजे. जुन्या इंग्रजी ग्रंथांतील आपल्या भागाची पाने मराठीत करून ठेवावीत. हे काम विद्यापीठाच्या मराठी आणि इतिहास विभागांतील विद्यार्थ्यांस द्यावे, म्हणजे त्यांचाही अभ्यास होईल. सभासद होण्यास शिधापत्रिका पुरे समजावी. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी शाखा रात्रीपर्यंत उघडी असावी, कारण आमचा माणूस शहरात येतो तो बाजाराच्या दिवशीच. आणि तेथून आठही तालुक्यांतील सार्वजनिक वाचनालयांस महिन्याच्या महिन्यास पुस्तकांची पेटी जावी.

या वाचनालयांची दशा वाचकांस ठाऊकच आहे. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, पण मद्रासकडे १९४८ सालीच जो ग्रंथालय कर बसला होता, तसा कर आपल्याकडे बसविला नाही. त्यामुळे सारा कारभार अनुदानावर, आणि अनुदान दर्जावर. अ, ब, क आणि ड. खेड्यातील वाचनालय बहुधा शेवटच्या अक्षरात अडकते. त्याला नवी पुस्तके घेण्याची ऐपत नाही, म्हणून वाचक नाही, म्हणून दर्जा नाही. विद्यापीठाची पेटी आली तर हा फेरा कोठेतरी तुटेल.

हे विद्यापीठ आपण होऊन करील अशी आम्हास आशा नाही. करवून घेतले पाहिजे, आणि त्याची किल्ली आपल्याच घरांत आहे. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी दहा सभासद निवडून द्यावयाचे असतात, आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. आमच्या जिल्ह्यात पदवी घेतलेली पोरे पोरी आता घरोघर आहेत. शेतात आहेत, दुकानावर आहेत, काही नोकरीची वाट पाहत बसली आहेत. त्यांतील कितीजणांनी पदवीधर म्हणून नाव नोंदविले? पदवीचा कागद काचेत लावून भिंतीवर टांगण्यापेक्षा त्याची एक नक्कल काढून नोंदणीचा अर्ज भरावा. मग मत मागण्यास जो येईल त्यास जात, पक्ष, पाहुणेपणा काही न विचारता एवढेच विचारावे की, गोंदियाच्या शाखेसाठी तुम्ही अधिसभेत काय बोलणार, ते लिहून द्या.

ज्यांच्या घरी पदवीधर नाही त्यांनीही हात बांधून बसू नये. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते, आणि आपल्या जिल्ह्याचा तो वाढदिवसही आहे. त्या दिवशी दोन ओळींचा ठराव करावा की, आमच्या गावाविषयी विद्यापीठाजवळ जे ग्रंथ, अहवाल, नकाशे व प्रबंध असतील त्यांची यादी आम्हास द्यावी आणि ते पाहण्याची सोय याच जिल्ह्यात करावी. ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत नीट उतरला की नाही ते वाचून घ्यावे. एक प्रत कुलगुरूंस, एक जिल्हाधिकाऱ्यांस पाठवावी, एक वनहक्क समितीच्या पिशवीत ठेवावी. पाठविताना टपालाने पाठवावी आणि पोचपावती ठरावाला टाचून ठेवावी.